‘परकं’ हा शब्द खोडा

दिवाळीनंतरच्या एका रविवारी उज्जैनमधल्या चार-पाच मराठी घरांतली मंडळी फराळाला जमली होती. मी नुकतीच नाशिकला भाचीकडे आठवडाभर राहून आले होते आणि तिनं गच्चीवर केलेल्या जेवणाचं वर्णन रंगात येऊन सांगत होते. जपानी पद्धतीनं काड्यांवर भाजलेली कोंबडी, ज्याला तिकडे याकितोरी म्हणतात, आणि सोबत नाशिकचीच पांढरी वाइन. ऐकणाऱ्यांमध्ये एक ज्येष्ठ स्नेही होते. शहरातल्या दोन पिढ्यांना त्यांनी संस्कृत शिकवलंय, मलाही. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “उज्जैनच्या लेकीनं असल्या गोष्टींचे गोडवे गावेत, हे अवंतिकेला शोभत नाही. हे सगळं परकं आहे. आपल्या मातीत हे कधी नव्हतं.”

मी गप्प बसले. सरांसमोर आवाज चढवायची सवय नाही आणि दुसऱ्याच्या घरी फराळाच्या ताटावर वाद घालू नये, एवढं वळण आम्हाला आहे. पण ते वाक्य मनातून जाईना, कारण ते एकट्या सरांचं नाही. गेली काही वर्षं ते या शहरात वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं आणि प्रत्येक वेळी ते अधिक ठामपणे उच्चारलं जातं. म्हणून हे उत्तर. सर, तुम्हीच शिकवलं होतंत की पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला उभं राहण्याचा अधिकार नसतो. तुमचा पूर्वपक्ष मी प्रामाणिकपणे मांडते आणि मगच त्याला हात घालते.

आधी वादाची वस्तू काय आहे ती पाहू. भाचीनं आजीची जुनी लोखंडी शेगडी घासून घेतली होती. जपानात याकितोरीसाठी बिंचोतान नावाचा कोळसा वापरतात. वाकायामा भागातल्या किशूचा तो सर्वांत नावाजलेला. एका जातीच्या ओकच्या लाकडापासून करतात. तो इतका घट्ट असतो की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा आवाज येतो, आणि जळताना धूर जवळजवळ करत नाही. नाशिकला तो कुठून मिळणार? साधा लाकडी कोळसाच तिनं पुरता पेटू दिला आणि त्यावर राखेची पांढरी साय धरेपर्यंत थांबली. मांडीचे तुकडे आणि कांद्याच्या पातीचे बोटभर तुकडे बांबूच्या काडीवर एकाआड एक ओवलेले. दुसऱ्या काडीवर काळीज, तिसरीवर पेठा, चौथीवर घड्या घालून ओवलेली नुसती कातडी. काहींना फक्त मीठ. काहींना भाजता भाजता सॉसमध्ये बुडवून पुन्हा निखाऱ्यावर धरायचं. तो सॉस जपानात सोयासॉस, साके हे तांदळाचं मद्य, गोडसर मिरिन आणि साखर आटवून करतात. मिरिन न मिळाल्यामुळे भाचीनं गूळ घातला होता. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की भपकन वास उठायचा आणि ती पुठ्ठ्यानं वारा घालायची. एकेक काडी सगळ्यांना वाट पाहायला लावून यायची. मसाल्याची पूड नाही, वाटण नाही, तेलाचा तवंग नाही. आयुष्यभर कोंबडी खाल्ली, पण कोंबडीची चव मला त्या रात्री कळली.

आणि वाइन. नाशिकच्या शेनँ ब्लाँ जातीच्या द्राक्षांची, गार केलेली, किंचित आंबूस. भाजलेल्या कातडीचा स्निग्धपणा जिभेवर बसलेला असताना त्या आंबटपणाचा एक घोट तो धुऊन काढतो आणि पुढच्या काडीला जीभ कोरी होते. ताटात लिंबाची फोड हेच काम करते. सोलकढी जड जेवणानंतर हेच करते. सॉस लावलेल्या काडीला हलकी लाल वाइन चालते; फार तुरट असेल तर सोयासॉसच्या खारट-गोड चवीपुढे ती कडवट होते. आंबट, तुरट, स्निग्ध यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात कुणालाच नवा नाही.

आता पूर्वपक्ष. सरांचं म्हणणं मी चार मुद्द्यांत समजते. एक, सळईवर भाजलेलं मांस आणि द्राक्षाची मदिरा ही आपली परंपराच नव्हे. दोन, उज्जैन पवित्र नगरी आहे, तिच्या संस्कृतीत याला जागा नाही. तीन, ही परदेशी श्रीमंतीची नक्कल आहे. चार, दारूनं घरं उद्ध्वस्त होतात. यातला चौथा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, म्हणून तो शेवटी घेते.

त्याआधी एक गैरसमज नको. २४ जानेवारी २०२५ रोजी अहिल्याबाईंच्या महेश्वरमध्ये मध्य प्रदेश मंत्रिमंडळाची बैठक झाली. उज्जैनसह राज्यातल्या १९ धार्मिक ठिकाणी दारूची दुकानं बंद करण्याचा निर्णय तिथे झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून तो लागू झाला. मी त्या निर्णयाविरुद्ध लिहीत नाही. शहरानं आपल्या बाजारात काय विकावं आणि काय विकू नये, हे ठरवण्याचा शहराला अधिकार आहे. महाकालाच्या वाटेवर शेगड्या मांडा, असंही माझं म्हणणं नाही. मी नाशिकला जेवले, तिथल्या कायद्यानं जेवले आणि घरी येऊन त्याबद्दल बोलले. माझं भांडण फक्त एका शब्दाशी आहे: ‘परकं’.

सर, ‘शूल्य’ हा शब्द मला तुम्हीच शिकवलात. शूलावर, म्हणजे सळईवर, भाजलेलं मांस ते शूल्य. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात विदूषक कुरकुरत येतो. राजाच्या शिकारीपायी रानोमाळ हिंडावं लागतं आणि वेळी-अवेळी जे खायला मिळतं त्यात भर असते ती शूल्य मांसाचीच, ही त्याची तक्रार. कालिदासाला हा पदार्थ समजावून सांगावा लागला नाही; नुसता शब्द उच्चारला आणि प्रेक्षक हसले. विनोदाला ओळखीची वस्तू लागते. ज्या कवीच्या नावानं आपलं शहर १९५८ पासून कालिदास समारोह भरवतं, त्याच्या प्रेक्षकांना काडीवरचं मांस इतकं परिचित होतं.

शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ हे नाटक तर उज्जयिनीतच घडतं. चौथ्या अंकात विदूषक मैत्रेय गणिका वसंतसेनेच्या वाड्याचे आठ चौक ओलांडत जातो. स्वयंपाकाच्या चौकात त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. तिथे पक्वान्नं आहेत तशी मांसाची कामंही चालली आहेत. शेवटी वसंतसेनेची आई दिसते, तेव्हा तिच्या स्थूलपणाचं कारण म्हणून तो सीधू, सुरा आणि आसव या मद्यांची नावं घेतो. शूद्रकानं ही उज्जयिनी कौतुकानंही रंगवली आणि थट्टेनंही. पण हे खाणंपिणं बाहेरून आलेलं आहे, असं त्याला कुठेही सुचवावंसं वाटलं नाही.

नाटकं म्हणजे कल्पना, असं कुणी म्हणेल. तर शासनाचा ग्रंथ घेऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं स्वतंत्र प्रकरण आहे. मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधू अशी पेयांची जंत्री तिथे आहे. त्यातला मधू म्हणजे द्राक्षाचा रस मुरवून केलेलं पेय. त्याच्या कापिशायन आणि हारहूरक या दोन प्रकारांची नावं तो ज्या प्रदेशांतून येतो त्यांवरून पडली आहेत, असंही कौटिल्य नोंदवतो. म्हणजे वाइनची ओळख तिच्या गावावरून सांगण्याची रीत अर्थशास्त्रात आहे. त्याच प्रकरणात निर्बंधही आहेत: ज्याचं वर्तन ठाऊक आहे अशा माणसालाच, ठरलेल्या मापानं आणि थोडी. पिण्याच्या जागांत आसनं, सुगंध, फुलं, पाणी आणि ऋतूला साजेशी सोय असावी, हेही त्यानं लिहून ठेवलंय. माप, जागा आणि माणसाची ओळख या तीन कसोट्या त्याला पुरेशा वाटल्या. ही गोष्ट लक्षात ठेवावी; पुढे ती लागणार आहे.

व्यापाराचा पुरावा हवा असेल तर पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ उघडावा. समुद्रमार्गानं फिरणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याच्या त्या टिपणात आपलं शहर ‘ओझेनी’ या नावानं आहे. इथून भडोचच्या बंदरात मौल्यवान खडे आणि मलमल जायची, असं तो लिहितो. आणि पुढेच, भडोचला काय उतरतं त्याच्या यादीत वाइन आहे: इटलीची अधिक पसंतीची, शिवाय लाओदिकियाची आणि अरबस्तानची. अशी वाइन ज्या दोन कानांच्या कुंभांतून यायची, त्या कुंभांची खापरं महाराष्ट्रात नेवाशाच्या उत्खननात सापडली आहेत. ज्या बंदराशी उज्जयिनीचा माल बांधलेला होता, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी वाइनची प्रत लावली जात होती.

दक्षिणेकडे वळलं तरी तेच. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वरानं बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ सिद्ध केला. मांसाचे तुकडे शलाकेवर ओवून निखाऱ्यावर भाजण्याच्या कृती त्यात राजाच्या भोजनाचा भाग म्हणून येतात. आणि मालव्यातच, इथून फार लांब नाही, सैलाना नावाचं छोटं संस्थान होतं. तिथल्या राजांनी मांसाहारी पाककृती इतक्या निष्ठेनं जमवल्या की महाराजा दिग्विजयसिंहांचं पाकपुस्तक आज देशभर नावाजलं जातं. तेव्हा सर, ‘आपल्या मातीत कधी नव्हतं’ या वाक्यातला ‘कधी’ पुराव्यापुढे टिकत नाही. सगळ्यांच्या ताटात होतं, असं मी म्हणत नाही. जैन साधूंची आणि वैष्णवांची परंपराही याच मातीतली, तितकीच जुनी आणि तितकीच आपली. पण एक परंपरा जुनी आहे म्हणून दुसरी परकी ठरत नाही.

दुसरा मुद्दा पावित्र्याचा. उज्जैनमध्ये राहून हा मुद्दा मांडणाऱ्यानं क्षिप्रेच्या काठानं भैरवगढपर्यंत एकदा जाऊन यावं. काळभैरवाला रोज मद्याचा नैवेद्य असतो. पुजारी बशी मूर्तीच्या ओठांना लावतात आणि उरलेलं प्रसाद म्हणून भक्ताच्या हाती येतं. महादजी शिंद्यांनी याच देवाला आपली पगडी वाहिल्याची आठवण सांगितली जाते. नवरात्रातल्या महाअष्टमीला नगरपूजा होते. चोवीस खांबांच्या देवळात महामाया आणि महालया या देवींना खुद्द जिल्हाधिकारी मद्य अर्पण करतात. मग छिद्र पाडलेल्या घड्यातून मद्याची धार सोडत मंडळी सुमारे २७ किलोमीटर चालतात आणि वाटेवरच्या चाळीसेक देवळांना नैवेद्य पोचवतात. शहराचं रक्षण व्हावं, म्हणून.

देवाचं वेगळं आणि माणसाचं वेगळं, असं सर म्हणतील. मान्य आहे. नैवेद्याच्या नावाखाली कुणी आपली चैन झाकू नये. पण मग निदान असं तरी म्हणू नये की मद्य या शहराच्या संस्कृतीबाहेरचं आहे. ज्या वस्तूची धार शहराच्या रक्षणासाठी त्याच्या हद्दीभोवती फिरवली जाते, ती वस्तू शहराबाहेरची कशी? तिला जागा ठरवून दिलेली आहे, वेळ ठरवून दिलेली आहे. उज्जैनच्या पूर्वजांनी तिला हाकललं नाही, बांधून घातलं.

आणि आपण मराठी माणसांनी तर परकेपणाचा दाखला वाटताना दहादा विचार करावा. इथे आपण आलो ते राणोजी शिंद्यांच्या घोडदळामागून, अठराव्या शतकात. आज आपण ज्या महाकाल मंदिरापुढे हात जोडतो, ते उभारलं राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी सुखटणकर यांनी. ज्या शेणवी समाजातून ते आले, त्याच्या पानात मासळीला पिढ्यान्‌पिढ्या मानाची जागा आहे. गोपाळ मंदिर बांधणाऱ्या बायजाबाई शिंद्यांचं घराणं सरदारांचं, शिकारीचं. तलवार गाजवणाऱ्या आणि देवळं उभारणाऱ्या या घरांचं ताट बाजूला सारून त्यांची फक्त देवळं आपली म्हणायची, ही वाटणी खोटी आहे.

तिसरा मुद्दा: ही श्रीमंतीची, परदेशी नक्कल. पंचतारांकित हॉटेलात याकितोरी महाग मिळते, हे खरं. पण त्या पदार्थाचा जन्म तसा नाही. जपानात सन ६७५ मध्ये सम्राट तेम्मू यानं फर्मान काढून वर्षातले काही महिने गाय, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस निषिद्ध केलं. बौद्ध धर्माच्या प्रभावाखाली मांसाबद्दलचा संकोच त्या देशात शतकानुशतकं टिकला. मेजी सम्राटानं १८७२ मध्ये गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, ही तिथे ऐतिहासिक घटना मानतात. म्हणजे ज्या देशाचं नाव घेऊन हा पदार्थ परका ठरवला जातो, तो देश आपल्यापेक्षाही जास्त काळ सरकारी पावित्र्याखाली राहिलेला आहे. आणि तरीही क्योतोच्या फुशिमी इनारी या देवस्थानाच्या वाटेवर काडीवर भाजलेल्या चिमण्या विकल्या जायच्या. इनारी हा भाताचा देव आणि चिमणी भाताची चोर, अशी त्यामागची समजूत. जपानी देवळात देवापुढे साके ठेवतात आणि नंतर प्रसाद म्हणून पितात. काळभैरवाचा भक्त तिथे गेला तर त्याला नवल वाटणार नाही.

कोंबडीची याकितोरी वर आली ती गरिबीतून. सुरुवातीच्या गाड्यांवर कोंबडीच्या खानावळींतून उरलेले तुकडे, आतड्या-काळजं काडीला ओवून विकत. दुसऱ्या महायुद्धानंतर भुकेल्या तोक्योत रेल्वेच्या पुलांखाली हाच धूर निघायचा आणि कामावरून सुटलेली माणसं उभ्या उभ्या खायची. स्वस्त ब्रॉयलर कोंबडी पुढे आली तेव्हा हा पदार्थ घरोघर पोचला. पेठा, कातडी, कूर्चा, शेपटाकडचा चरबीचा तुकडा, काहीही वाया न घालवण्याचं हे शास्त्र टंचाईनं शिकवलंय. आपल्याकडेही मुंडी-पाय शिजवणाऱ्या घरांना ते कुणी शिकवायला नको. आणि वाइन? तीही जपान्यांची नव्हे. १८७७ मध्ये यामानाशीतले दोन तरुण ती विद्या शिकायला फ्रान्सला धाडले गेले. आज तिथल्या कोशू द्राक्षाची वाइन जपान अभिमानानं आपली म्हणतो. त्यांनी दुसऱ्याची गोष्ट घेतली, आपल्या मातीत लावली आणि आपली केली. मिरची, बटाटा, टोमॅटो, साबुदाणा यांच्याबाबतीत आपण वेगळं काय केलं? उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाताना, साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचं मूळ गाव ब्राझील आहे, याची आठवण आपण काढत नाही, आणि काढायची गरजही नाही.

आता चौथा मुद्दा. इथे मला आवाज खाली आणावा लागतो, कारण इथे सर बरोबर आहेत. आमच्या गल्लीत एक घर होतं. माझ्या वयाची मुलगी, तिचे वडील गिरणी कामगार. रात्री नऊनंतर त्या घरातून येणारे आवाज ऐकू नयेत म्हणून आई आमचा रेडिओ मोठा करायची. दहावीनंतर त्या मुलीचं शिक्षण थांबलं, घर विकलं गेलं, आणि त्या बाईंना मी शेवटचं पाहिलं ते परक्याच्या ओट्यावर भांडी घासताना. दारूबद्दल हलकेपणानं बोलणाऱ्या कुणाचंही मी ऐकून घेत नाही. महाराष्ट्रातल्या बायकांनी मतदान करून ‘आडवी बाटली’ला कौल दिला आणि गावोगावची दुकानं बंद पाडली, तो मला आपल्या काळातला मोठा स्त्री-पराक्रम वाटतो. संविधानाच्या ४७व्या कलमानं राज्याला दारूबंदीसाठी झटायला सांगितलंय, तेही उगाच नाही.

म्हणूनच मला माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. २७ जानेवारी २०२२ ला महाराष्ट्र सरकारनं मोठ्या किराणा दुकानांत वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, त्यावर वादळ उठलं, आणि निर्णय पुढे बारगळला. त्या वादात ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं सांगणारे पुढे आले. हे धादांत खोटं आहे. दीडशे मिलीलिटरच्या पेल्यात तेरा टक्के मद्यार्काची वाइन असेल, तर शुद्ध मद्यार्क भरतो साडेएकोणीस मिलीलिटर. तीस मिलीलिटरच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबानं तो तेरा मिलीलिटरच्याही आत राहतो. म्हणजे वाइनचा एक पेला त्या छोट्या पेगपेक्षा जास्त दारू पोटात घालतो. द्राक्ष शेतकऱ्याचं आहे म्हणून मद्यार्क सौम्य होत नाही. ज्यांना वाइन हवी आहे त्यांनी ती दारू आहे हे कबूल करून घ्यावी, किंवा घेऊ नये.

पण सर, नीट पाहा, हा मुद्दा तुमच्या ‘परकं’ या शब्दाला कुठेच आधार देत नाही. त्या गिरणी कामगाराच्या घराचा सत्यानाश कुठल्याही परदेशी पेयानं केला नव्हता. ती देशी दारू होती, आपल्याच मातीतली, आपल्याच उसाच्या मळीची. दारूचं मूळ गाव शोधत बसलो तर तिच्या विषाकडे दुर्लक्ष होतं. ‘हे परकं आहे’ म्हणणारा माणूस देशी दारूच्या गुत्त्याला नकळत अभय देतो. कौटिल्याच्या तीन कसोट्या इथे उपयोगी पडतात: किती, कुठे, कोण. त्या रात्री नाशिकच्या गच्चीवर माणसं सहा होती आणि बाटली एक. गाडी चालवणाऱ्या जावयानं पेल्याला हात लावला नाही, आणि भाचीच्या सासऱ्यांना मधुमेह म्हणून त्यांच्यापुढे ताक होतं. त्या कसोट्यांना ते जेवण उतरतं. मुळाच्या कसोटीवर मात्र ते नापास आणि त्या कामगाराची बाटली पास. असली कसोटी काय कामाची?

नाशिकचं नाव मी मुद्दाम पुन्हा घेते. उज्जैनसारखंच तेही सिंहस्थाचं क्षेत्र. रामकुंडावर अस्थिविसर्जनाला देशभरातून माणसं येतात. आणि त्याच नाशिकच्या माळांवर, गंगापूर धरणाच्या पाण्याजवळ, १९९९ मध्ये सुला वाइनरीची सुरुवात झाली. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि वाइनरी वाढत गेल्या. नाशिकच्या वाइन व्यवसायावर टीका करायला जागा आहे, पर्यटकांच्या धिंगाण्याबद्दल तर भरपूर. पण गोदावरीची आरती त्यामुळे थांबलेली नाही. रामकुंडावर काय शोभतं आणि मळ्यात काय शोभतं, हे नाशिककरांना कळतं. उज्जैनकरांना कळणार नाही, असं मानणं हा आपल्याच शहरावरचा अविश्वास आहे.

एका शब्दासाठी एवढा खटाटोप कशाला, असं कुणी विचारील. कारण ‘निषिद्ध’ आणि ‘परकं’ या दोन शब्दांत माणसाच्या जगण्याएवढं अंतर आहे. निषेध वस्तूला लागू होतो आणि तिथेच थांबतो. परकेपणा मात्र वस्तूवरून माणसावर जातो. मांस परकं ठरलं की ते विकणारा खाटीक परका ठरतो, मग ते खाणारं घर, मग खंडोबाला बोकड वाहणारा भक्त, मग मासळीवाला, मग वसतिगृहातली अंडं उकडणारी मुलगी. घर भाड्यानं देताना ‘तुम्ही काय खाता’ हा प्रश्न आधी येतो. मला तो या शहरात विचारला गेलाय, माझं आडनाव ऐकल्यावर. पाच पिढ्या इथे राहिलेल्या बाईला असा प्रश्न विचारण्याची हिंमत कायद्यातून येत नाही. ती ‘हे आपलं नव्हेच’ या समजुतीतून येते.

सर, शेवटी तुम्हाला आपल्याच शहरातल्या एका गोष्टीची आठवण करून देते. महाकालाची सवारी इथे फक्त श्रावणात निघत नाही. उत्तरेच्या पंचांगात भाद्रपद लागल्यावरही पंधरवडाभर निघते. त्याचं कारण आपण मराठी. उत्तरेचा श्रावण पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शिंदेशाहीत दोन्ही पंचांगांना मान मिळाला आणि देवाची पालखी दोन्ही श्रावणांसाठी निघू लागली.

आमच्या लहानपणी याचा अर्थ घरात उमटायचा. गुरुपौर्णिमा झाली की शेजारच्या काकींचा श्रावण सुरू. आमचा यायला अजून पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांत रविवारी मटण शिजायचंच. पण आई सकाळी लवकर, काकींची पूजा सुरू होण्याच्या आत, त्यांच्या बाजूची खिडकी लावून ते शिजवून मोकळी व्हायची. मग राखीपौर्णिमेला काकींचा श्रावण सुटायचा. आमचा चालू असायचा. त्यांच्याकडे कांदा-लसणाची फोडणी पडायची, आणि मला आठवतं, काकी उठून आपल्या बाजूची खिडकी लावून घ्यायच्या. या दोघी बायांनी पन्नास वर्षांत एकमेकींना काय खाऊ नये ते सांगितलं नाही, आणि एकमेकींना परकं म्हटलं नाही. खिडकी मात्र दोघी लावायच्या.

मी यापुढेही श्रावण पाळीन, सोमवार पाळीन, आणि महाकालाच्या वाटेवर शेगडी पेटवणार नाही. नाशिकला गेले की भाचीच्या गच्चीवर बसेन आणि काडीवरची कोंबडी खाईन. तुम्ही त्याला निषिद्ध म्हणा, अनावश्यक म्हणा, तुमच्या घरी वर्ज्य म्हणा. मी ऐकून घेईन आणि माझ्या बाजूची खिडकी लावीन. ‘परकं’ तेवढं खोडा.